गुलामाची वरात

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

मोंढा, उदगीर
२१ जून १९८६

चि. सिंधु हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी ते पोस्टमनला मिळालं, शेजारच्या दोन आडतवाल्यांना मिळालं आणि आपल्या शंकरप्पा हमालालाही मिळालं. त्याला वाचता येत नाही, तर कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी दुकानात पोचलो तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. यापुढे आंतरदेशीय पाठव, नीट चिकटवून.

ज्याला तू हे उत्तर दिलंस ते दहा महिन्यांत मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र होतं. चार पानं होती. तू रागानं घर सोडून लातूरला गेलीस ते मी विसरायला तयार आहे, पंचमीला माहेरी ये, असं थोरला भाऊ असून मी आपण होऊन लिहिलं. त्यावर तुझं उत्तर काय? 'अण्णास नमस्कार. आपल्या घरच्या पत्त्यांच्या खेळाचे सगळे नियम लिहून पाठव. पूर्ण आले की पंचमीला येते.' बस्स. खाली सही.

अगं, मी भाऊ आहे की अर्जदार? कलेक्टर कचेरीत लागून वर्ष झालं नाही, तेवढ्यात अपुरा अर्ज परत पाठवायची सवय लागली तुला. नवा जिल्हा झाला तेव्हा मोंढ्यात पेढे मीच वाटले होते. आता उस्मानाबादला खेटे नकोत, सगळं लातूरला होईल म्हणून. त्यात माझी बहीण पण जाईल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी लिहिणारच नव्हतो. पण अव्वा दुकानात गादीसमोर येऊन बसली आणि आईच्या हक्कानं म्हणाली, "लिही की. शाई महाग झाली का?" तिनं साफ सांगितलंय, सिंधु आली नाही तर यंदा घरात ना दिंड शिजणार, ना झोका बांधणार. तुझी वैनी शिवकांता तिच्याच बाजूनं. मला या घरात बाजूच उरलेली नाही.

तर घे नियम.

खेळाचं नाव, गुलामाची वरात. बावन्न पानांतून तीन गुलाम काढून ठेवायचे, फक्त इस्पिकचा गुलाम ठेवायचा. सगळी पानं वाटून टाकायची. हातात एकाच आकड्याची दोन पानं आली की जोडी लावून खाली टाकायची. मग प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताच्या माणसाच्या हातातलं एक पान ओढायचं. जुळलं तर जोडी टाकायची, नाही जुळलं तर ठेवायचं. ज्याची पानं सगळ्यांत आधी संपतील तो सरकार. शेवटी ज्याच्या हातात एकटा इस्पिकचा गुलाम उरेल तो गुलाम.

आणि आपल्या घरचा खास नियम. तू दोन वर्षांची असताना इस्पिकच्या गुलामाचा कोपरा चावून खाल्लास. त्यामुळे पाठीमागूनही तो ओळखू येतो. अप्पांना पत्त्यांचा नवा जोड आणायला सांगितलं तर ते म्हणाले, "पोरीनं खाल्लंय, ऱ्हाऊ द्या." मग त्यांनीच नियम केला की पान ओढताना खाली बघायचं नाही, वर आढ्याकडे बघायचं. जगात कुठं पत्ते खेळताना पाच माणसं माना वर करून बसतात का? आपल्या घरी बसतात.

झाले नियम. पंचमी नऊ ऑगस्टला आहे. आठला चतुर्थी. सातला संध्याकाळच्या गाडीनं ये.

तुझी ट्रंक अजून पुढच्या सोप्यात मधोमध आहे. अव्वा कोणाला हलवू देत नाही. मी दिवसातून दोनदा तिला ठेचकाळतो.

तुझा वडील भाऊ,
विरूपाक्ष मलप्पा


उदगीर
२ जुलै १९८६

चि. सिंधुस आशीर्वाद.

परत पोस्टकार्ड! आणि त्यावर तीन शब्द. 'एक नियम राहिला.'

आता मोंढ्यात मला दुसरं काही कोणी विचारत नाही. पाऊस नाही, धान्याची आवक नाही, माणसं काट्याभोवती रिकामी बसून आहेत, त्यांना तू खेळणं दिलंस. आडते विचारतात, "शेठ, ऱ्हायलेला नियम घावला का?" शंकरप्पा तर परवा म्हणाला, "अण्णा, पोत्याखाली बघू का?" मी ओरडलो त्याच्यावर. मग मलाच वाईट वाटलं. तीन आठवडे त्याच्या पाठीवर पोतं चढलेलं नाही, हसून तरी दिवस काढू दे म्हाताऱ्याला.

मृगही कोरडा गेला. नळ चार दिवसांआड. आपल्या आडाचं पाणी दोरीला आणखी दोन दोऱ्या जोडल्या तरी लागत नाही. शिवकांता भांडी राखेनं घासते आणि पुसून ठेवते. तुमच्या लातूरला काय वेगळं असेल म्हणा.

असो. माझ्या लक्षात आलं कोणता नियम राहिला. जोड्यांचे नियम मी लिहिले नव्हते. घाईत राहिले. ते असे.

राण्यांची जोडी पडली की सगळ्यांनी डोक्यावरून पदर घ्यायचा, पुरुषांनीसुद्धा. पदर नसेल तर उपरणं, उपरणं नसेल तर शेजारणीचा पदर ओढून. जो शेवटी घेईल त्याला पडलेल्या जोडीतलं एक पान उचलावं लागतं, आणि ज्याची ती जोडी होती त्यानं दुसरं. राजांची जोडी पडली की उभं राहून मुजरा. सत्तीची जोडी पडली की पुढची जोडी पडेपर्यंत सगळ्यांनी मुकं. आणि तिर्रीची जोडी ज्याची, त्यानं उखाणा घ्यायचा. लग्न झालेलं असो नसो.

शरणप्पा मामांचं आठवतं? एवढा मोठा माणूस, चार जिल्ह्यांत सोयरिकी जमवणारा, आणि राण्या पडल्यावर घाबरून अव्वाच्या पदरात डोकं खुपसलं होतं. आणि सत्तीच्या मुक्यात त्यांना ठसका लागला, पाणी मागता येईना, तर हातानं नळ फिरवायची खूण करत होते. तू हसून हसून लोळत होतीस. मी हे लिहिताना एकटाच हसलो, तर शिवकांता बघायला आली की काय झालं.

ते गेल्याच वर्षीचं ना? हो. गेल्याच पंचमीचं.

आता नियम पुरे झाले. सात तारखेची गाडी.

विरूपाक्ष


उदगीर
१३ जुलै १९८६

चि. सिंधुस,

'जोड्यांचे नियम बरोबर. एक नियम राहिला.'

तू माझी परीक्षा घेतेस का गं? बरं, मी आता स्पष्टच लिहितो. तुला कोणता नियम हवाय ते मला पहिल्या दिवसापासून कळलंय. तुला हुकमाचा नियम हवाय. सरकारनं गुलामाला एक हुकूम द्यायचा, तोच ना? तो मी मुद्दामच लिहिला नाही, कारण गेल्या वर्षीच्या डावाला तो लागूच होत नाही. का ते ऐक.

तू सरकार झालीस, कबूल. शरणप्पा मामा सुटले, शिवकांता सुटली. शेवटी मी आणि अव्वा उरलो. माझ्या हातात एक नव्वी. अव्वाच्या हातात नव्वी आणि गुलाम. मी नव्वी ओढली असती तर मी सुटलो असतो आणि अव्वा गुलाम झाली असती. बरोबर? आता अव्वानं काय केलं, तर गुलामाचा चावलेला कोपरा अंगठ्याखाली झाकला. पक्का दाबून. मला दोन्ही पानं सारखीच लागली, म्हणून मी गुलाम ओढला, आणि पुढच्या खेपेला अव्वा माझी नव्वी ओढून सुटली. हे नियमाला धरून नाही. ज्या डावात कोपरा झाकला तो डाव बाद. डाव बाद म्हणजे मी गुलाम नाही. मी गुलाम नाही म्हणजे तुझा हुकूम मला लागू नाही. वकिलाला विचार हवं तर.

अव्वाला मी हे वर्षभर सांगतोय. ती म्हणते, "म्हाताऱ्या माणसाचा अंगठा हाय बाबा, कुठं बी जातो." सत्तर वर्षांची बाई, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याला शिवत नाही, आणि पत्त्यात असं करते. कोणाला सांगायचं?

दुसरी एक गोष्ट. परवा तहसीलमध्ये गेलो होतो, आपल्या गल्लीच्या टँकरचं काय झालं विचारायला. बाबूनं लातूरहून आलेला कागद दाखवला. जावक क्रमांक हातानं लिहिलेला होता आणि 'उदगीर' मधल्या ग ची काठी जरा बाहेर वळवलेली होती. असा ग तूच काढतेस, लहानपणी त्यावरून मी तुझ्या पाठीवर फटके दिलेत. मी बाबूला म्हटलं, हे माझ्या बहिणीचं अक्षर आहे. उगीच म्हटलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

टँकर काल आला. तुझ्यामुळं आला असं मी म्हणत नाही, नंबरप्रमाणंच आला असेल. गल्लीतल्या बायका मात्र म्हणतात.

विरूपाक्ष


उदगीर
२२ जुलै १९८६

सिंधु,

तुझं पोस्टकार्ड आज भर दुपारी मोंढ्याच्या चौकात वाचलं गेलं. मी नाही वाचलं. पोस्टमननंच वाचलं, मी त्याला नको म्हणत असताना.

'अण्णा, पान ओढताना आढ्याकडे बघायचं असतं. कोपऱ्यावर अव्वाचा अंगठा होता हे तुला कसं कळलं? तू बोटांनी कोपरा चाचपत होतास. एक नियम राहिला.'

सगळा चौक हसला. काटेवाला हसला, चहावाला हसला, उंटासारखं तोंड वर करून शंकरप्पा आढ्याकडे बघायची नक्कल करत हसला. या गावात आमच्या अप्पांनी चाळीस वर्षं इज्जतीनं दुकान चालवलं, ते गेल्यावर मी आठ वर्षं चालवतोय. आणि तू लातुरात बसून पंधरा पैशाच्या कार्डावर माझी अशी शोभा करतेस.

आता माझं ऐक. नियम संपले. एकही राहिलेला नाही. यायचं असेल तर ये, नसेल तर नको येऊस. अव्वाला मी सांगेन काय सांगायचं ते. झोका नाही बांधला तर आकाश कोसळत नाही. तसंही पाऊस नाही, पंचमी कशाची करायची?

ट्रंक उद्या माळ्यावर टाकतो.

वि. म.


उदगीर
१ ऑगस्ट १९८६

सिंधु,

ट्रंक माळ्यावर टाकली नाही. उचलायला गेलो तर अव्वा तिच्यावर बसून विड्याचं पान लावत होती. मी म्हटलं, "ऊठ." तर म्हणाली, "विरूपाक्षा, ही तुझ्याच डोक्यावर जायची हाय. माळ्यावर न्हाई." आणि पुढं, "साकू. लई झालं तुझं." तिनं 'पुरे' कन्नडमध्ये म्हटलं की पुढं बोलायचं नसतं हे तुला माहीतच आहे.

दहा दिवस मी तुला लिहिलं नाही. तुझंही कार्ड आलं नाही. पोस्टमन रिकाम्या हातानं पुढं गेला की मोंढ्यात कोणी हसत नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

तर राहिलेला नियम लिहितो.

खेळ संपल्यावर सरकारनं गुलामाला एक हुकूम द्यायचा. हुकूम असा की त्यात पैसा लागू नये, कोणाला इजा होऊ नये आणि बघणाऱ्याला हसू यावं. गुलामानं तो पुढच्या पंचमीच्या आत पुरा करायचा. आणि नाही म्हणायचं नाही. हा नियम अप्पांचा. त्यांनी स्वतः पाळला, हेही लिहितो, म्हणजे पुन्हा अपूर्ण म्हणून कार्ड नको.

तू सात वर्षांची होतीस. सरकार झालीस आणि अप्पा गुलाम. तू हुकूम दिलास की शाळेत जाताना अप्पांनी दप्तर धरून तुझ्या मागं चालायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बाजूला व्हा, सरकार आलं!" दुसऱ्या दिवशी अप्पा चालले. डोक्याला पटका, गळ्यात उपरणं, हातात तुझं फाटकं दप्तर. भर मोंढ्यातून. "बाजूला व्हा, सरकार आलं!" हमालांनी पोती खाली टाकली आणि पोट धरून बसले. व्यापारी दुकानाबाहेर आले. सगळ्यांत जास्त अप्पाच हसत होते. मी तेव्हा अठरा वर्षांचा. मी तुरीच्या थप्पीमागं लपून बसलो होतो, मला इतकी लाज वाटली. तुला ते कधी सांगितलं नाही.

आता गेल्या पंचमीचं.

तुझं नेमणुकीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. मी ते उघडलं, वाचलं आणि गादीखाली ठेवलं. आठ दिवस. रुजू व्हायची तारीख टळून गेली की विषय संपेल असा माझा हिशेब होता. शरणप्पा मामांनी तुझ्यासाठी भालकीचं स्थळ आणलं होतं, त्याचं बोलायला मामा पंचमीलाच घरी येणार होते. अव्वानं सणाच्या आधी दुकानातली गादी उन्हात टाकायला मागवली आणि पत्र तिच्या हाती लागलं. तिला मराठी वाचता येत नाही, पण सरकारी शिक्का ओळखता येतो. तिनं ते चतुर्थीच्या दिवशी तुझ्या हातात दिलं.

म्हणजे तू पत्र वाचलंस तेव्हा तुझ्या पोटात अन्न नव्हतं. चतुर्थीचा उपास बहिणी भावासाठी धरतात. तू माझ्यासाठी धरला होतास. तू तेव्हा मोडला असतास तर मी काय म्हणणार होतो? तू मोडला नाहीस. दुसऱ्या दिवशी पंचमीला मांडी घालून पत्ते खेळायला बसलीस, मामांना हसलीस, उखाणा घेतलास आणि सरकार झालीस. माझ्यावर ओरडली असतीस तर मी तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो असतो. ते तुला माहीत होतं. म्हणून तू अप्पांच्या नियमानं मागितलंस.

तुझा हुकूम मला शब्दाला शब्द पाठ आहे. "अण्णा, माझी ट्रंक डोक्यावर घे, मोंढ्यातनं पायी चल, आन् मला लातूरच्या गाडीत बसवून दे."

मी पत्ते फेकले. "खेळ तो खेळ," म्हणालो, आणि दुकानावर जाऊन बसलो.

मला तुझ्या नोकरीचा राग होता असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही चार पानांत तेच लिहिलं. खरं सांगू? नोकरीचा राग दोन दिवसांत गेला असता. मला डोक्यावर ट्रंक घेऊन हमालांसमोरून चालायचं नव्हतं. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी वर्ष घालवलं.

आणि अजून एक, मग थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुकानासमोरून गेलीस. हातात कापडी पिशवी, ट्रंक मागं ठेवून. तू दुकानाकडे बघितलंस. मी काट्यावरच्या रिकाम्या पारड्याकडे बघत बसलो, त्यात काही नव्हतं तरी. शंकरप्पा तुझ्या मागं चार पावलं गेला, तू त्याला परत पाठवलंस. गाडी सुटल्याचा हॉर्न मी दुकानात बसून ऐकला.

मी चुकलो, सिंधु. हे लिहायला मला सहा पत्रं लागली.

आता खरंच एकही नियम राहिला नाही. तरी कार्ड पाठवायचं असेल तर पाठव. चौकात वाचलं तरी चालेल.

तुझा,
अण्णा


लातूर, एस. टी. स्टँड
७ ऑगस्ट १९८६, गुरुवार

सिंधु,

हा कागद तुमच्या कचेरीचा शिपाई तुझ्या हातात देईल. मी स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितोय, ट्रंक मांडीशी आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय. सांगतो का ते.

तुझं कार्ड काल आलं. त्यावर काहीच नव्हतं. पत्ता होता, मागची बाजू कोरी. पोस्टमननं उलटसुलट करून बघितलं, उजेडात धरलं, मग माझ्याकडे दिलं. शंकरप्पानं विचारलं, "काय लिवलंय, अण्णा?" मी म्हटलं, "नियम संपले म्हणून लिवलंय."

आज सकाळी सोप्यात जाऊन ट्रंक उचलायला वाकलो. हलेना. गेल्या वर्षी रिकामी-रिकामी म्हणत होते सगळे! अव्वाकडे चावी होती, कमरेला. उघडून बघतो तर तुझी पुस्तकं, दोन लुगडी, लाह्यांची पिशवी, शेंगाचटणीचा डबा, आणि खाली घरातला वरवंटा. दगडाचा. मी म्हटलं, "अव्वा, हा कशाला?" तर म्हणते, "पोरगी खोलीवर चटणी कशावर वाटती? आन् हुकूम हलका नसावा बाबा, हसू येत न्हाई." शिवकांता तोंडाला पदर लावून आत पळाली.

दारातून बाहेर पडलो आणि वीस पावलांत मान गेली. डोक्यावर पत्रा रुतायला लागला. आडत्याच्या घरात जन्म घेतला, हजारो पोती माणसांच्या डोक्यावरून जाताना बघितली, पण नुसतं ओझं उचलून चालत नाही, खाली चुंबळ लागते, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. मोंढ्याच्या तोंडाशी शंकरप्पानं मला बघितलं. धावत आला. मला वाटलं ट्रंक घेणार. नाही घेतली. म्हणाला, "थांबा अण्णा, वाकू नका." त्यानं दुसऱ्या एकाला हाक मारली, दोघांनी ट्रंक धरली, त्यानं स्वतःच्या डोक्याचा पंचा सोडला, पिळून गोल चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "आता चला. मान ताठ. आढ्याकडं बघितल्यागत."

मी मोंढ्यातून चाललो. भर सकाळी दहा वाजता. आडते बाहेर आले. कोणीतरी ओरडलं, "शेठ, हमाल न्हाई का भेटला?" मी म्हटलं, "मीच हाय. बहिणीचा हुकूम हाय." मग शंकरप्पा माझ्या पुढं गेला आणि खच्चून ओरडला, "बाजूला व्हा! सरकारची ट्रंक आली!"

मला माहीत नव्हतं त्याच्या ते लक्षात आहे. वीस वर्षं झाली.

सगळा मोंढा हसला, सिंधु. रिकाम्या पोत्यांवर बसलेले हमाल उठून मागं आले. या वर्षी तिथं मी असं हसणं ऐकलेलं नाही. मीही हसलो. डोक्यावर ओझं असताना हसता येत नाही, मान डुगडुगते, तरी हसलो. मला रडूही आलं, पण हात वर होते, पुसता आलं नाही, लोकांना घाम वाटला असेल.

कंडक्टर म्हणाला, "ट्रंक टपावर टाका." मी मांडीवर घेऊन बसलो. चाकूरपर्यंत पाय बधिर झाले होते.

हुकूम तर तुला गाडीत बसवून द्यायचा होता. तू तर वर्षापूर्वीच एकटी बसलीस, ते काही मला आता भरून देता येत नाही. म्हणून मी पुढचा रस्ता माझ्या मनानं जोडलाय. इथून तुमच्या कचेरीपर्यंत. रस्ता विचारून घेतलाय, बाजारातूनच जातो.

उद्या चतुर्थी आहे. माझ्यासाठी उपास धर असं मी आता म्हणू शकत नाही. पंचमीला येशील की नाही तेही विचारत नाही. तू म्हणाली होतीस पूर्ण झालं की येते, ते तुझं तू बघ. झोका बांधायला दोरी मी काढून ठेवली आहे, आडाची. आडात पाणीच नाही, तर दोरीला काम तेवढंच.

फक्त एक. हा कागद तू वाचत असशील तेव्हा मी खाली फाटकाशी उभा असेन आणि ट्रंक माझ्या डोक्यावर असेल. शंकरप्पानं निघताना सांगितलंय, ओझं डोक्यावरून एकट्यानं उतरवता येत नाही, समोरून कोणाचा तरी हात लागतो. शिपायाला मी हात लावू देणार नाही.

खाली ये.

तुझा,
गुलाम